नाव ओव्हरीचं, गाव लिव्हरचं

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला पीसीओएस आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, की आपल्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला असतो. मुलगी विचारत नाही, आई विचारते. आई गप्प बसली तर मावशी विचारते. "डॉक्टर, पुढे मूल व्हायला काही अडचण नाही ना येणार?" मुलगी अजून अकरावीत. तिच्या डोक्यात हनुवटीवरचे केस, घट्ट होत चाललेली जीन्स आणि परवाची फिजिक्सची टेस्ट. आणि घरचे थेट दहा-बारा वर्षं पुढे, बारशालाच जाऊन बसलेले.

काळजी समजण्यासारखी आहे. पण या आजाराचा बराचसा कारभार आत्ता, आज, तिच्या उजव्या बरगड्यांखाली चालू असतो आणि त्याची चौकशी कोणीच करत नाही. तिथे लिव्हर असतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. किशोरवयातला पीसीओएस ओव्हरीपाशी सुरू होतो आणि ओव्हरीपाशीच संपतो असं धरून आपण सगळे चाललोय. घरचे, शाळा आणि बऱ्याचदा दवाखानेसुद्धा. प्रत्यक्षात लिव्हर यात बरोबरीचा भागीदार आहे. पाळीची तक्रार घेऊन आलेल्या आणि पीसीओएसचं निदान झालेल्या मुलीच्या लिव्हरकडे बघणं ही साधी रीत व्हायला हवी. आणि ती रीत मुलीला वजनावरून न टोचता पाळली जायला हवी.

मी इंजिनियर आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे कुठली गोळी घ्यावी, कुठली सोडावी यातलं काहीही मी सांगणार नाहीये. पण एखादी सिस्टिम सारखी बिघडत असेल तर एकाच मॉड्यूलला दोष देऊन मोकळं होऊ नये, एवढं आमच्या धंद्यात शिकायला मिळतं. तेवढ्याच भांडवलावर पुढचं लिहितोय.

नावाने केलेला घोळ

१९३५ साली शिकागोमधल्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. पाळी अनियमित किंवा बंद, मूल होत नाही, काहींच्या अंगावर जास्त लव, आणि ओव्हऱ्या मोठ्या, बारीक बारीक फुगवट्यांनी भरलेल्या. स्त्रीरोगतज्ज्ञांनी आजार शोधला, त्यांना ओव्हरी दिसली, म्हणून नाव ओव्हरीचं पडलं. इतकं साधं कारण आहे.

गंमत म्हणजे ते 'सिस्ट' खरे सिस्ट नसतातच. वाढ अर्ध्यावर थांबलेले ते बीजकोश असतात. म्हणजे कारण नसून परिणाम. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१२ साली नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने स्पष्टच सांगितलं होतं, की हे नाव दिशाभूल करतं, ते बदला. किशोरवयीन मुलींच्या बाबतीत तर २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आणखी पुढे जातात: पहिल्या पाळीनंतर आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीतल्या ओव्हरीच्या चित्रावरून निदान करू नका, कारण त्या वयात तसं चित्र निरोगी मुलींमध्येही सर्रास दिसतं. निदानासाठी दोन्ही गोष्टी हव्यात, पाळीची ठरावीक प्रकारची अनियमितता आणि पुरुषी हार्मोन वाढल्याच्या खुणा किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट.

वाचलंत ना? या वयात ओव्हरीच्या फोटोला निदानातून रजा दिली आहे. तरी आपल्याकडे "सोनोग्राफीत पीसीओडी आलंय" हे वाक्य पासबुकातल्या नोंदीसारखं पक्कं मानलं जातं.

लिव्हरवाल्यांचीही अशीच एक कथा आहे. १९८० साली मेयो क्लिनिकच्या लुडविग यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दारू न पिणाऱ्या २० रुग्णांच्या लिव्हरमध्ये दारुड्यांसारखा बिघाड दिसतो हे नोंदवलं आणि 'नॉन-अल्कोहोलिक' हा शब्द पुढे चाळीसेक वर्षं चिकटून राहिला. एखाद्या आजाराचं नाव तो 'कशामुळे नाही' यावरून ठेवायचं हा विनोदच होता. शेवटी २०२३ साली लिव्हर-तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी तो शब्द काढून 'मेटाबॉलिक' हा शब्द आणला. म्हणजे चयापचयाशी निगडित फॅटी लिव्हर. आपल्या घरांमध्ये मात्र "फॅटी लिव्हर? पण ती तर दारूला हातही लावत नाही!" हा आश्चर्याचा उद्गार अजून शिल्लक आहे.

लिव्हर यात आलं कुठून?

हा भाग थोडा तांत्रिक आहे. पण सगळं म्हणणं यावरच उभं आहे, त्यामुळे पाच मिनिटं कळ काढा.

जेवल्यावर रक्तात साखर वाढते, स्वादुपिंड इन्शुलिन सोडतं. इन्शुलिन लिव्हरला मुख्यतः दोन हुकूम देतं. पहिला: "आता तू साखर बनवायची थांबव, बाहेरून भरपूर आली आहे." दुसरा: "जास्तीची आहे तिची चरबी करून ठेव." शरीर इन्शुलिनला दाद देईनासं झालं, तर दोन्ही हुकूम पाळले जाणार नाहीत असं आपल्याला वाटेल. तसं होत नाही. लिव्हर पहिला हुकूम ऐकेनासं होतं आणि दुसरा इमानेइतबारे पाळत राहतं! साखरही बनवतं आणि चरबीही. कोलेस्टेरॉलवरच्या कामासाठी १९८५ चं नोबेल मिळवणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन या जोडीने २००८ साली या विरोधाभासावर लिहिलं होतं. एखाद्या ऑफिसात साहेबाचा "खर्च कमी करा" हा मेल कोणी उघडत नाही आणि "पार्टी ठेवा" हा मेल लगेच पोचतो, तशातला प्रकार. :-)

साखर कमी होत नाही म्हणून स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडतं. जास्त इन्शुलिन म्हणजे दुसरा हुकूम आणखी मोठ्या आवाजात. लिव्हरमध्ये चरबी साठत जाते.

आता ओव्हरी. तिला इन्शुलिन चांगलं ऐकू येतं. वाढलेलं इन्शुलिन ओव्हरीला जास्त टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं. इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. पुढची फारशी कोणी सांगत नाही. रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं एक प्रथिन असतं, त्याचं आखूड नाव एसएचबीजी. बांधलेलं टेस्टोस्टेरॉन निरुपद्रवी, मोकळं सुटलेलं उपद्व्यापी. पुरळ, हनुवटीवरचे केस, लांबलेली पाळी यामागे या मोकळ्या टेस्टोस्टेरॉनचा मोठा हात असतो. आणि हे एसएचबीजी बनतं कुठे? लिव्हरमध्ये. इन्शुलिन वाढलं आणि लिव्हरमध्ये चरबी साठली, की लिव्हर हे प्रथिन कमी बनवतं. म्हणजे ओव्हरी टेस्टोस्टेरॉन वाढवते आणि त्याला बांधायच्या दोऱ्या लिव्हर कमी करतं.

वर्तुळ इथे पूर्ण होतं. मोकळ्या टेस्टोस्टेरॉनमुळे मुलींमध्ये पोटाच्या आतली चरबी वाढायला मदत होते, त्यामुळे इन्शुलिनचा प्रभाव आणखी घटतो, मग आणखी इन्शुलिन. सुरुवात कुठून झाली हे शोधत बसण्यात अर्थ नाही, ते मुलीगणिक वेगळं असू शकतं. पण अशा चक्रात दोन अवयव गुंतलेले असताना एकाचंच नाव फाइलवर लिहायचं आणि दुसऱ्याचा लॉग उघडायचाच नाही, हे डिबगिंग म्हणून फारच कच्चं आहे.

यात वयाचाही हात आहे. वयात येताना प्रत्येक मुलामुलीच्या शरीरात इन्शुलिनचा प्रभाव काही काळ कमी होतो, ते नैसर्गिक आहे. बहुतेकांचं शरीर ते निभावून नेतं. ज्या मुलीला पीसीओएसची ओढ आहे, तिच्यासाठी मात्र नेमका हाच काळ चक्राला पहिला धक्का देणारा ठरू शकतो.

कोलोरॅडोतल्या मुली

"वजन जास्त असलं की लिव्हरमध्ये चरबी येणारच, त्यात पीसीओएसचं काय?" ही शंका रास्त आहे. कोलोरॅडो विद्यापीठात मेलनी क्री यांच्या गटाने बरोबर हीच शंका तपासली. त्यांनी लठ्ठपणा असलेल्या किशोरवयीन मुलींचे दोन गट घेतले, एकीकडे पीसीओएस असलेल्या, दुसरीकडे पाळी नियमित असलेल्या. एमआरआयने लिव्हरमधली चरबी मोजली. २०१६ साली निकाल प्रसिद्ध झाला. पीसीओएसच्या गटात ४९ टक्के मुलींना फॅटी लिव्हर, दुसऱ्या गटात १४ टक्के.

अभ्यास लहान होता, काही डझन मुलींचा. एकट्या अभ्यासावर इमारत उभी करू नये हे मान्य. पण दोन्ही गट लठ्ठ असताना इतका फरक पडत असेल, तर "वजन कमी कर, बाकी काही नाही" हे उत्तर अपुरं आहे एवढं तरी नक्की. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. या मुलींच्या लिव्हरमधल्या चरबीचा संबंध सगळ्यात ठळकपणे दिसला तो लिव्हर स्वतः साखरेपासून जी चरबी तयार करतं, त्या प्रक्रियेशी.

लिव्हरमध्ये चरबी तीन वाटांनी येते: अंगावरच्या चरबीतून सुटून, थेट जेवणातल्या तेल-तुपातून, आणि लिव्हरच्या स्वतःच्या कारखान्यातून. निरोगी माणसात उपाशीपोटी हा कारखाना जेमतेम चालतो. २००५ साली अमेरिकेत फॅटी लिव्हर असलेल्या प्रौढांमध्ये हे मोजलं, तेव्हा लिव्हरमधल्या चरबीचा साधारण चौथा हिस्सा (२६ टक्के) या घरच्या कारखान्यातून आलेला निघाला. जेवणातल्या चरबीचा वाटा १५ टक्के. बाकीची अंगावरून आलेली. म्हणजे पोळीवरच्या तुपाला आपण जेवढ्या शिव्या घालतो, त्यातल्या निदान काही चहा-बिस्किटाकडे आणि टेट्रापॅकमधल्या ज्यूसकडे वळवायला हरकत नाही. कारण साखरेतला अर्धा भाग ग्लुकोज, जो सगळं शरीर वापरतं, आणि अर्धा फ्रुक्टोज, ज्याचा निचरा मुख्यतः लिव्हरलाच करावा लागतो.

आपल्याकडच्या बारीक मुली

आता कुणी म्हणेल, हे अमेरिकेतल्या जाड मुलींचं झालं, आमची तर काडीसारखी आहे. इथे पुण्याचं नाव घ्यावंच लागतं.

केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्यावर जुळे, आतून वेगळे. आपल्याकडची बाळंसुद्धा वजनाने कमी पण त्या मानाने चरबीने जास्त जन्मतात, हे याज्ञिकांच्या पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या कामातूनच जगापुढे आलं. त्यामुळे भारतीय मुलगी 'बारीक दिसते' याला लिव्हरच्या बाबतीत फारसा अर्थ उरत नाही. सडपातळ हातपाय आणि पोटाचा घेर, ही आपल्या घरातल्या निम्म्या अल्बमची ओळख आहे.

भारतातले आकडेही आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने देशभरातल्या १८ ते ४० वयाच्या ९,८२४ स्त्रियांची पाहणी केली, ती २०२४ साली प्रसिद्ध झाली. जुन्या, कडक निकषाने ७.२ टक्के आणि सैल निकषाने १९.६ टक्के स्त्रियांमध्ये पीसीओएस आढळला. आणि पीसीओएस असलेल्यांपैकी ३२.९ टक्के स्त्रियांना फॅटी लिव्हर होतं. तिघींत एक! मधुमेह मात्र ३.३ टक्केच होता. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. साखरेचा रिपोर्ट चांगला येतोय तेव्हा लिव्हरचं काम आधीच सुरू झालेलं असू शकतं.

या स्त्रिया १८ च्या पुढच्या. पण अठराव्या वाढदिवसाला केक कापताना तर लिव्हर फॅटी होत नाही ना. ती चरबी दहावी-बारावीच्या वर्षांत कधीतरी जमायला लागलेली असणार, असं मला तरी वाटतं.

'नॉर्मल' नावाचा बग

समजा, कुणी शहाणपणा करून तपासणी केलीच. एसजीपीटी (काही लॅबच्या कागदावर एएलटी लिहितात) येतं ३४. शेजारी छापलेली मर्यादा ४० किंवा त्याहून वर. ठळक अक्षर नाही, बाण नाही, म्हणजे नॉर्मल. कागद घडी होऊन फाइलमध्ये.

अमेरिकेत २०१० साली यावर एक चांगला अभ्यास झाला. खरोखर निरोगी मुलांच्या रक्तावरून मर्यादा काढली तर मुलींसाठी ती २२ आणि मुलग्यांसाठी २६ च्या आसपास येते, असं दिसलं. त्याच वेळी तिथल्या मुलांच्या हॉस्पिटलांच्या लॅब ज्या मर्यादा वापरत होत्या, त्यांचा मध्य होता ५३. म्हणजे थ्रेशोल्डच चुकीचा सेट केलेला, मग अलर्ट वाजणार कसा? उत्तर अमेरिकेतल्या बाल-पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ च्या सूचनांमध्ये हेच २२ आणि २६ चे आकडे धरले. मुलीचं एसजीपीटी ४४ च्या वर तीन महिन्यांहून जास्त टिकलं तर पुढची तपासणी करा, असं त्या सांगतात.

उलट बाजूही सांगायला हवी. लिव्हरमध्ये चरबी असूनही एसजीपीटी चांगलं असू शकतं. आणि साध्या सोनोग्राफीला थोडी चरबी नीट दिसत नाही, चांगली २०-३० टक्के झाली की मग दिसते. म्हणून 'ग्रेड वन फॅटी लिव्हर' असा शेरा आला, की "ते काय, सगळ्यांनाच असतं हल्ली" म्हणून उडवून लावणं मला पटत नाही. सगळ्यांना असणं ही दिलासा देणारी गोष्ट केव्हापासून झाली? पन्नाशीतल्या काकांच्या आणि सोळा वर्षांच्या मुलीच्या रिपोर्टवर तोच शेरा असेल, तर मुलीच्या पुढे त्या चरबीसकट जगायची साठ वर्षं आहेत. सगळ्यांचंच लिव्हर पुढे बिघडत नाही. पण काहींचं सुजतं, सुजलेल्यांपैकी काहींमध्ये व्रण पडत जातात. या प्रवासात सगळ्यात जास्त हातात असतं ते वेळ.

महागड्या एमआरआयशिवाय काहीच करता येणार नाही असंही नाही. कोलोरॅडोच्या त्याच गटाने २०१९ साली चार साध्या आकड्यांवरून अंदाज बांधायची पद्धत मांडली: वयानुसार बीएमआयचा क्रमांक, कमरेचा घेर, एसजीपीटी आणि एसएचबीजी. एक मेजपट्टी, एक वजनकाटा आणि दोन रक्ताच्या तपासण्या. ती आपल्या मुलींवर तपासून मगच वापरावी लागेल, हे ओघानेच आलं. पण असं काही करून बघायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही.

मग करायचं काय?

गोळी द्या आणि सुटा, असा मामला नाही. पीसीओएसमध्ये मेटफॉर्मिन बऱ्याच मुलींना देतात आणि इतर कारणांसाठी तिचा उपयोगही होतो. पण ८ ते १७ वयाच्या १७३ मुलांवरच्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एसजीपीटी उतरवून खाली टिकवण्यात मेटफॉर्मिन साध्या साखरगोळीपेक्षा सरस ठरली नाही. पाळी नियमित करणाऱ्या हार्मोनच्या गोळ्या एसएचबीजी वाढवतात, मोकळं टेस्टोस्टेरॉन कमी करतात, गर्भाशयाच्या अस्तराची काळजी घेतात. त्या कामाच्या आहेत, त्यांना उगाच घाबरू नये. फक्त पाळी महिन्याच्या महिन्याला यायला लागली म्हणजे लिव्हरसकट सगळं मिटलं, असं समजू नये.

साखरेचं मात्र आश्वासक आहे. २०१९ साली सॅन डिएगो आणि अटलांटा इथे फॅटी लिव्हर असलेल्या ४० किशोरांवर आठ आठवड्यांचा प्रयोग झाला. निम्म्यांच्या घरातली वरून घातलेली साखर आणि ज्यूस जवळजवळ बंद केले. म्हणजे एकट्या मुलाचं ताट वेगळं काढलं नाही, अख्ख्या घराचा किराणा बदलला. त्यांच्या लिव्हरमधली चरबी सरासरी २५ टक्क्यांवरून १७ वर आली. नेहमीसारखं खाणाऱ्यांची २१ वरून २०. दोन महिन्यांत!

आता यातली मेख. ते चाळीसच्या चाळीस मुलगे होते. फॅटी लिव्हर मुलग्यांमध्ये जास्त आढळतं म्हणून फक्त मुलगे घेतले, शास्त्रीयदृष्ट्या त्यात चूक नाही. पण पीसीओएसच्या मुली बघतात स्त्रीरोगतज्ज्ञ, लिव्हरचे प्रयोग होतात मुलग्यांवर, आणि ती मुलगी दोन खात्यांच्या मधल्या फटीत पडते. आपल्याकडेही तेच. किशोरवयीनांसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे. फॅटी लिव्हर २०२१ साली असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आलं, पण त्या कार्यक्रमातली सरसकट तपासणी तिशीपासून पुढे. सोळा आणि तीस यांच्यामधली चौदा वर्षं कोणाची?

"उगाच घाबरवताय" म्हणणाऱ्यांसाठी

दोन आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतात.

पहिला, निदानाची घाई. पहिल्या पाळीनंतरचं वर्षभर पाळी कशीही येऊ शकते, तो आजार नव्हे. एक ते तीन वर्षांच्या काळात ४५ दिवसांपर्यंतचं अंतर चालतं. त्यानंतर ३५ च्या वर जाऊ लागलं तर बघावं. आणि पहिलं वर्ष सरल्यावर एकदा जरी पाळी ९० दिवसांहून जास्त लांबली तर दाखवावं. तेराव्या वर्षी दोनदा पाळी चुकली म्हणून मुलीला लेबल लावणं वाईटच. मी बोलतोय ते नीट निदान झालेल्या मुलींबद्दल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. आधीच या मुली आरशाशी भांडत असतात. पीसीओएस असलेल्यांमध्ये नैराश्य, चिंता आणि खाण्याचे विकार जास्त आढळतात. त्यात "तुझ्या लिव्हरमध्ये चरबी आहे" ऐकवलं, तर ती जेवणच सोडेल! हे होऊ शकतं. पण मला वाटतं, आत्ता जे चालतं ते याहून वाईट आहे. आत्ता तिला ऐकवतात "जरा कमी खा", "लग्नात कशी दिसशील", "तोंडावर ताबा ठेव". या सगळ्याचा अर्थ एकच, चूक तुझी. लिव्हरची गोष्ट नीट सांगितली तर चूक तिच्याकडून चक्राकडे सरकते. तिच्याइतक्याच वजनाच्या मैत्रिणीचं लिव्हर ठीक असू शकतं आणि तिचं नसू शकतं, यात तिच्या आळसाचा संबंध नाही. मला तर हे ऐकून हलकं वाटलं असतं.

आणि मग घरानेही हलायला हवं. संध्याकाळी सोसायटीच्या किंवा शाळेच्या मैदानावर नजर टाका, मुलगे किती आणि मुली किती ते मोजा. नववीपर्यंत खो-खो खेळणारी मुलगी दहावीत क्लासमुळे सुटते आणि परत मैदानावर येत नाही. सकाळी सहाला क्लास, रात्री बारापर्यंत जागरण, मधे दोन चहा आणि बिस्किटाचा पुडा. हे वेळापत्रक तिने बनवलेलं नाही. दुधात चॉकलेटी पावडर 'ताकदीसाठी' आपणच घालतो. अभ्यासाला बसताना ज्यूस 'हेल्दी' म्हणून आपणच आणतो. आठ आठवडे किराण्याच्या यादीतून या चार गोष्टी गेल्या, आणि रोज तासभर तिचा खेळायचा म्हणून सोडला, तर कोणाचं काय बिघडणार आहे? भाऊ आणि बाबांचंही भलंच होईल. विशेषतः बाबांचं.

असो. ज्यांच्या घरात, नात्यात किंवा शेजारी अशी मुलगी आहे, त्यांनी पुढच्या वेळी दवाखान्यात तीन प्रश्न विचारावेत. हिचं एसजीपीटी किती आणि ते हिच्या वयाच्या मुलीसाठी ठीक आहे का? हिच्या कमरेचा घेर मोजलाय का? आणि हिच्या लिव्हरकडे पुन्हा कधी बघायचं? डॉक्टर "गरज नाही" म्हणाले तर का नाही, तेही विचारावं. चांगले डॉक्टर सांगतात.

आणि जमलं तर हे प्रश्न मुलीलाच विचारू द्यावेत. लिव्हर तिचं आहे.